घट्ट म्हणजे पक्कं नव्हे

आज आम्ही जीपच्या पुढच्या चाकाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. ज्या बचत गटांनी जुनी फोर-व्हील जीप घेतली आहे, त्यांचा भाजीपाला, दूध, शाळेची पोरं आणि अडलेली बाळंतीण याच चाकांवर दवाखान्यापर्यंत जाते. आमच्या गटाकडेही अशी जीप आहे. गाडी मिस्त्रीकडे दिली तरी आमच्यातल्या दोघी शेजारी उभ्या राहतात, हाताला हात लावतात. त्यातून जे शिकलो, ते सांगतो.

विलीज नावाच्या अमेरिकन जीपचे सुटे भाग आणून महिंद्रा कंपनीने मुंबईत गाड्या जोडल्या, तिथून आपल्याकडची जीप सुरू झाली. पुढे मॉडेलं बदलली, पण जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाची रचना बरीचशी तशीच राहिली. म्हणून ही माहिती अनेक जुन्या जीपगाड्यांना लागू पडते. तरी तुमच्या गाडीचं पुस्तक मिळालं तर त्यातलं माप शेवटचं माना.

हब म्हणजे चाकाचा मधला गाभा. तो एका पोकळ दांड्यावर फिरतो. दोघांच्या मधे दोन बेअरिंगं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. दोन्ही जागेवर धरायला एक नट, त्यावर लॉक वॉशर आणि त्यावर चेकनट. पोकळ दांड्यातून एक्सल येतो आणि बाहेरच्या झाकणाला, म्हणजे फ्लँजला किंवा लॉकिंग हबला, चाक फिरवायची ताकद देतो.

आता जातं आठवा. वरचा दगड फार घट्ट बसला तर फिरत नाही. ढिला सोडला तर दगड डुलतो आणि पीठ जाडंभरडं पडतं. चाकाचंही तसंच. नट ढिला तर चाक डुलतं, बेअरिंग ठोके खातं. नट फार घट्ट तर बेअरिंग तापतं, ग्रीस वितळून वाहतं, बेअरिंग जळतं आणि भर घाटात चाक अडकू शकतं. ‘आवळ चांगलं, सुटायला नको’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. इथे त्यांचं ऐकायचं नाही.

आधी गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅकवर उचलली की एक्सलखाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली जायचं नाही, पोरांना तर जवळही येऊ द्यायचं नाही. चाकाचे नट सुटत नसतील तर जोर लावण्याआधी आटे बघा. काही जुन्या जीपना डाव्या बाजूला उलटे आटे असतात.

उघडताना एक स्वच्छ पोतं अंथरा. जे आधी निघेल ते डावीकडे, मग त्याच्या उजवीकडे पुढचं, अशी ओळ लावा. बसवताना उजवीकडून उलटं यायचं. डाव्या चाकाचं बेअरिंग उजव्या चाकात घालू नका. प्रत्येक बेअरिंगची आपल्या कपाशी सवय झालेली असते. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

बेअरिंगं डिझेलमध्ये धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून उन्हात बघा. रोलर निळसर पडले असतील, खड्डे किंवा ओरखडे असतील, तर बदला. बदलताना हबमध्ये ठोकून बसवलेला कपही बदला. नवं बेअरिंग जुन्या कपात फार दिवस टिकत नाही. कप बसवताना पितळी दांड्याने चारी बाजूंनी सारखा ठोका. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो.

आता ग्रीस. व्हील बेअरिंगचंच ग्रीस घ्या, जुनं पुसून काढा, दोन जातींचं एकत्र करू नका. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, वरून ग्रीस बाहेर येईपर्यंत. नुसतं वरवर चोपडून भागत नाही. आतलं बेअरिंग ठेवा आणि ऑइल सील नवं बसवा. जुनं काढताना बहुतेक वाकतं. सीलची ओठासारखी कड बेअरिंगच्या, म्हणजे ग्रीसच्या बाजूला हवी. उलटं बसलं तर ग्रीस ब्रेकवर येतं, आणि ग्रीस लागलेला ब्रेक उतारावर धरत नाही.

हब दांड्यावर सरळ सरकवा, सील आट्यांवर घासू नका. बाहेरचं बेअरिंग घाला, नट लावा. चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. चाक जड फिरू लागलं की थांबा. मग नट साधारण एक-षष्ठांश फेरा मागे घ्या. सहा कडांचा नट असेल तर एक कड मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण डुलता कामा नये. लॉक वॉशरची जीभ दांड्याच्या खाचेत बसवा, चेकनट आवळा आणि पुन्हा चाक फिरवून बघा. चेकनट आतल्या नटाला दाबतो, त्यामुळे आधीचं माप बदलू शकतं. ठीक असेल तरच वॉशरची कड चेकनटवर वाकवा.

शेवटी नवं पॅकिंग घालून फ्लँज किंवा लॉकिंग हब बसवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. लॉकिंग हबमध्ये ग्रीस कोंबू नका, हलका हात पुरे. जास्त झालं तर फिरवायचं बटण अडखळतं. आणि ध्यानात ठेवा, हब दोन्ही बाजूंचे एकाच खुणेवर हवेत. हब मोकळे असतील तर आत फोर-व्हीलचा दांडा टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत. चिखलाची वाट येण्याआधी उतरून लॉक करा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हीलमध्ये चालवू नका, सगळ्या गिअरवर ताण येतो.

घरी आणल्यावर दोन गोष्टी तपासा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिन बघायला हवी. दुसरं, थोडं चालवून आणल्यावर दोन्ही हबला हात लावा. कोमट चालेल. एक बाजू हात ठेववेना इतकी तापली तर गाडी पुढे नेऊ नका. चाकाचे नटही पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

आमच्या गटाच्या वहीत हप्त्यांच्या पानामागे गाडीचं पान आहे. कोणत्या चाकाचं सील कधी बदललं, बेअरिंग कधी, कोणी केलं, ते तिथे लिहितो. मिस्त्रीला तीनच प्रश्न विचारतो. सील नवं घातलं का? नट मागे किती घेतला? वॉशरची कड वाकवली का? मिस्त्री चांगला असेल तर रागावत नाही, उलट दाखवून देतो. तुमच्या गटातल्या दोघींची नावं आजच ठरवा, आणि पावसाआधी, दोन्ही चाकं एकदा उघडून घ्या.