शेषाचे मोल



या शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी पोटॅशिअम क्लोरेटमध्ये थोडी काळी पूड मिसळून, ते तापवून प्राणवायू तयार करून दाखवला होता. ती पूड, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, शेवटी होती तेवढीच उरली. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, ‘उत्प्रेरक’. आज मी चंदीगडमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. हीरक महोत्सवानिमित्त त्या शब्दाची पुढची कथा सांगतो.

वनस्पती तेलापासून बायोडिझेल बनवताना दर १०० किलो इंधनामागे सुमारे १० किलो ग्लिसरॉल, म्हणजे आपले ग्लिसरीन, मागे राहते. औषधे आणि प्रसाधने यांना ते हवे असते, पण शुद्ध. उरलेल्या अशुद्ध मालाला मोल आले नाही, तर बायोडिझेलचा हिशेबही जुळत नाही.

ग्लिसरॉलच्या रेणूतून पाण्याचे दोन रेणू काढले की अ‍ॅक्रोलीन हा विषारी, पण उद्योगाला उपयुक्त द्रव मिळतो. त्यापासून अ‍ॅक्रिलिक आम्ल आणि पुढे बाळांच्या डायपरमधला पाणी शोषणारा पदार्थ तयार होतो. अ‍ॅसिटोनशी संयोग घडवला, तर इंधनात मिसळण्याजोगे सॉल्केटल मिळते. या अभिक्रियांना आम्ल उत्प्रेरक लागतो. मात्र गंधकाम्ल वापरले, तर ते मालात मिसळून राहते, धातूची पात्रे झिजवते आणि आम्लारीने उदासीन केल्यावर क्षारयुक्त सांडपाणी उरते. एक शेष संपवताना दुसरा उभा राहतो.

म्हणून घन आम्ल हवे. सच्छिद्र सिलिकासारख्या आधारावर आम्ल बसवले, की ते मालात मिसळत नाही; वेगळे करून पुन्हा वापरता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्यात जन्मलेले पद्मश्री प्रा. गणपती दादासाहेब यादव यांनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत सहकाऱ्यांसह असाच एक उत्प्रेरक घडवला. सच्छिद्र सिलिकावर टंगस्टन व फॉस्फरसयुक्त आम्ल बसवून ग्लिसरॉलपासून अ‍ॅक्रोलीन मिळवण्याचे हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अडचण एकच, पण मोठी. अभिक्रिया चालू असताना उत्प्रेरकावर कार्बनचा थर साचतो, छिद्रे बुजतात आणि त्याचा जोर ओसरतो. तो थर हवेत जाळून काढावा लागतो. ‘शेवटी होता तसाच उरतो’ हे सरांचे वाक्य कारखान्यात सहजी खरे ठरत नाही. ते खरे करण्यासाठीच आमची धडपड चालते.

पालक मला विचारतात, मराठीतून शिकून मुले मागे पडतील का? चंदीगडला आलो, तेव्हा इंग्रजी बोलताना मी वर्षभर अडखळलो. उत्प्रेरक म्हणजे काय, हे सांगताना मात्र अडखळलो नाही. ते मी डोळ्यांनी पाहिले होते, माझ्या भाषेत समजून घेतले होते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. या महोत्सवाच्या निधीतला पहिला वाटा प्रयोगशाळेला द्या. पुढच्या मुलांनाही ती काळी पूड पाहू द्या.