माळ्यावरची जुनी बंदूक



आपल्या शहरातील जुन्या घरांच्या माळ्यावर कधीकधी एखादी ठासणीची बंदूक निघते. लांब नळी, किडलेला दस्ता आणि वर गंजाचा थर. लगेच घरात दोन मते पडतात. एकजण म्हणतो, पॉलिश पेपरने घासून दिवाणखान्यात टांगा. दुसरा म्हणतो, पोलिसांची भानगड नको, विहिरीत टाका. दोन्ही मार्गांनी वस्तू हातची जाते, म्हणून हे चार शब्द.

१८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात शस्त्रांचे दालन आहे. (सहलीतील मुले पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशीच रेंगाळतात, ही गोष्ट निराळी!) भोसल्यांच्या पदरी अरब शिपाई होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात राजांची फौज हटली, तरी या अरबांनी महिनाअखेरपर्यंत शहर इंग्रजांच्या हाती दिले नाही. त्या काळी तोडेदार बंदूक सर्रास असे. पेटती वात रंजकास लावली की बार उडे.

बंदूक सापडली की प्रथम ती भरलेली आहे असेच समजावे. कोरडी राहिलेली दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. नळीत डोकावू नये, तोंड माणसाकडे धरू नये, विस्तवाजवळ नेऊ नये. बाजूला उभे राहून लाकडी काठी हलकेच आत सोडावी, खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. काठी कानाच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. तेथेच थांबून पोलिसांना कळवावे. खरवडणे, छिद्र पाडणे, तापवणे हे जिवावरचे खेळ होत.

नळी रिकामी असली तरी घासण्याची घाई नको. गंजाखाली कधी फारसी अक्षरे असतात, कधी सोन्याचांदीच्या तारेचे कोफ्तगारी काम. एमरी पेपरचे दहा हात मारले की कारागिराचे नाव कायमचे गेले. गर्द तपकिरी, घट्ट बसलेला थर राहू द्यावा. बोटाला लागणारी तांबूस पूड तेवढी वाढता गंज समजावी. तिच्यावर शिलाई मशीनचे तेल थोडे लावून एक दिवस ठेवावे, बांबूच्या चिपेने सैल पापुद्रे काढावेत, मऊ कापडाने पुसावे. लिंबू, चिंच वा व्हिनेगर लावल्यास आम्ल खळग्यांत राहते आणि गंज दुप्पट जोमाने परततो. खोबरेल तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. दस्त्याला पाणी वा व्हार्निश लावू नये.

आता कायदा. जी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही, अशा जुन्या शस्त्रास १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ सूट देते. चालू होण्याजोगी असल्यास परवान्याचा प्रश्न येतो, म्हणून घोडा-चाप दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. शंका असल्यास पोलीस आयुक्तालयात लेखी विचारावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही.

उन्हाळ्यात ती कूलरच्या झोतात ठेवू नये. ओलाव्याने लोखंड गंजते. उघड्या हाताचा घामही पुरतो, म्हणून सुती मोजे घालावेत. पावसाळा सरला की एकदा उजेडात पाहावे. तांबूस पूड पुन्हा दिसली तर तेलाचा हात फिरवावा.