भिंग, कडे आणि माणसाचा चेहरा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही कॅमेऱ्याच्या भिंगाविषयी बोलणार आहोत. ज्याला आपण सारे लेन्स म्हणतो ते भिंग, ते कॅमेऱ्यावर बसविण्याचे कडे, आणि या दोहोंच्या साह्याने व्हिडिओ कॉलवर माणूस नीट कसा दिसावा, एवढाच आजचा विषय. आम्ही प्रकाशशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्यातल्या लेथवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण हा विषय शेवटी मापाचा आहे, आणि मापाशी आमचा जन्माचा संबंध आहे.

संघटनेच्या माणसाला या फंदात पडण्याचे कारण काय? कारण असे की, २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, आणि ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांचे कामकाज व्हिडिओद्वारे चालविण्याविषयी आदेश दिला. त्यानंतर वाटाघाटी, सुनावण्या, कारखान्यातल्या अंतर्गत चौकशा, नोकरीच्या मुलाखती असे पुष्कळसे व्यवहार पडद्यावर आले. टाळेबंदी उठली, पण हे व्यवहार पडद्यावरून पूर्णपणे काही उतरले नाहीत.

आता काय होते ते पाहा. एका कारखान्याच्या चौकशीत आमचा एक सभासद साक्षीला बसला. पाठीमागे उघडी खिडकी, समोर अंधार. पलीकडच्या अधिकाऱ्यांना दिसली ती एक काळी आकृती. तो आठवण्यासाठी थांबला की त्यांना वाटे, हा उत्तर टाळतो आहे. तो खाली कागदाकडे पाही, तर त्यांना वाटे, कोणी तरी पढवीत आहे. शेवटी साक्षीदार विश्वासार्ह नाही, असा शेरा पडला. अधिकारी मात्र आपल्या दालनात उत्तम दिव्यांखाली, उत्तम कॅमेऱ्यासमोर बसलेले होते. कायद्यासमोर दोन्ही पक्ष समान असतील. कॅमेऱ्यासमोर ते समान नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट सांगतो, आणि ती फुकटाची आहे. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. लॅपटॉपच्या आणि फोनच्या कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पाटी, म्हणजे सेन्सर, अवघी काही मिलिमीटरची असते. तिच्या वाट्याला प्रकाश थोडा येतो. खोली अंधारी असली की ती थोड्या प्रकाशाचे चित्र ओढूनताणून उजळ करते, आणि चेहऱ्यावर दाणे पडतात. त्यावर कॉलची यंत्रणा चित्र दाबून लहान करते; तेव्हा ते दाणे आणि चेहऱ्याच्या रेषा यांचा एकच चिखल होतो. दिवा समोर आणला की निम्मे काम होते. ज्याचे एवढ्याने भागते त्याने पुढचे ऐकून सोडून द्यावे. पैसे खर्च करण्याचा उपदेश करण्यासाठी आम्ही येथे आलेलो नाही.

पण पुष्कळ घरांत मोठ्या सेन्सरचा एखादा कॅमेरा कपाटात पडून असतो, आणि दुसऱ्या एखाद्या कपाटात वडिलांच्या वेळची जुनी भिंगे असतात. झेनिट, प्राक्टिका, जुना पेन्टॅक्स ही नावे आपल्यापैकी काहींना आठवत असतील. ही दोन कपाटे एकत्र आणता येतील काय? येतील. मात्र त्यासाठी एक वजाबाकी यावी लागते.

भिंग ज्या कड्यावर टेकते, तेथपासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. जुन्या आट्याच्या भिंगाचे, म्हणजे ज्याला एम-४२ म्हणतात त्याचे, हे अंतर ४५.४६ मिलिमीटर. निकॉनची एफ बैठक १९५९ ची, तिचे ४६.५. कॅननची ईएफ बैठक १९८७ ची, तिचे ४४. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर फार कमी झाले : मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. आता नियम साधा आहे. भिंगाचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर उरलेली जागा पोकळ कड्याने भरून काढता येते. सोनी ई कॅमेऱ्यावर एम-४२ भिंग बसवायचे, तर ४५.४६ मधून १८ गेले, राहिले २७.४६. एवढ्या लांबीचे कडे आणा, काम झाले. त्यात काच नाही, वीज नाही. लेथवर कातलेली ती एक नळी आहे.

उलट, भिंगाचे अंतर कमी आणि कॅमेऱ्याचे जास्त असेल तर? जुन्या निकॉन एफ कॅमेऱ्यावर एम-४२ भिंग १.०४ मिलिमीटर पुढे राहते. कड्याची जाडी शून्य धरली, तरी ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे अडीच मीटरच्या पलीकडचे स्पष्ट दाखवू शकत नाही. यावर उपाय म्हणून दुकानदार काच घातलेले कडे पुढे करतो, आणि स्वस्तातली काच चित्र बिघडविते. पण आपल्याला काय हवे आहे? डोंगर टिपणाऱ्याला हा मोठा तोटा खरा; टेबलापाशी मीटरभर अंतरावर बसलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. आपल्या कामाचे माप आपणच घ्यावे ते यासाठी.

दुसरे माप सेन्सरच्या रुंदीचे. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ मिलिमीटर रुंद, म्हणजे निम्म्याहून कमी. या सेन्सरपुढे ५० मिलिमीटरचे भिंग लावून एक मीटरवर बसलात, तर चौकटीत सुमारे ३५ सेंटिमीटरच रुंदी मावते. थोडे हललात की कान चौकटीबाहेर. हिशेब असा : सेन्सरच्या रुंदीला भिंगाच्या मिलिमीटरने भागा आणि बसण्याच्या अंतराने गुणा. डोके आणि खांदे मोकळेपणाने दिसायला ६० ते ७० सेंटिमीटर हवेत. म्हणजे मीटरभर अंतराला या लहान सेन्सरवर २५ ते २८ मिलिमीटरचे भिंग, मधल्या २३.५ मिलिमीटर सेन्सरवर ३५ चे, आणि पूर्ण ३६ वर ५० चे. महागडे भिंग आणून भिंतीला पाठ टेकून बसावे लागण्यापेक्षा आधी हा हिशेब कागदावर केलेला बरा.

आट्यांविषयी एक इशारा. एम-४२ चा व्यास ४२ मिलिमीटर आणि पिच १ मिलिमीटर. त्याच ४२ व्यासाची टी नावाची दुसरी बैठक आहे. तिचा पिच ०.७५. पहिला अर्धा वेढा दोन्ही बसल्यासारखी वाटतात, मग अडतात. तेथे जोर लावला की आटे गेले. जुने भिंग घेण्यापूर्वी ते उजेडासमोर धरून आरपार पाहा. आपल्या दमट हवेत काचांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते, आणि अशा भिंगातून चेहरा धुक्यात बसल्यासारखा दिसतो. भिंगावर छिद्र कमीजास्त करण्याचे कडे आहे ना, तेही पाहा. अलीकडच्या पुष्कळ भिंगांत ते नसते. छिद्राचा ताबा कॅमेऱ्याच्या विजेकडे असतो, आणि पोकळ नळीतून ती वीज जात नाही.

जोडणी झाल्यावर कॅमेऱ्याच्या सूचीत भिंगाशिवाय शटर चालू ठेवण्याची सोय सुरू करावी. कारण जुन्या भिंगाची ओळख कॅमेऱ्याला पटत नाही. छिद्र एफ-२.८ ते एफ-४ च्या दरम्यान ठेवावे. सगळे उघडे टाकले तर डोळे स्पष्ट आणि कान पुसट होतात, आणि जुने भिंग आपण होऊन नेम साधत नाही. नेम हाताने, पडद्याकडे पाहून साधावा. स्वस्त कड्यांवर भिंगावरचे अंतराचे आकडे नेमके जुळतीलच असे नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले म्हणजे चित्र लुकलुकत नाही. कॅमेऱ्याचे चित्र संगणकात नेण्यासाठी एचडीएमआय तार आणि एक लहान कॅप्चर यंत्र लागते; २०२० मध्ये कॅनन, सोनी, निकॉन इत्यादींनी आपल्या काही कॅमेऱ्यांसाठी नुसत्या यूएसबी तारेवर चालणाऱ्या आज्ञावल्याही काढल्या. तेव्हा आपल्या कॅमेऱ्याचे नाव त्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे. आणि ज्या दिवशी सुनावणी त्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास सर्व चालवून पाहावे.

आता थोडे आमच्या धर्माचे बोलतो. ड्रेस्डेनमध्ये १९४९ च्या सुमारास कॅमेऱ्यावर आलेला हा आटा पुढे जर्मन, जपानी आणि रशियन कारखान्यांनी वापरला. म्हणून एका देशाचे भिंग दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यावर बसले, आणि म्हणूनच ते आजही कड्यावर चढते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे एक सामाईक माप सुचविले, त्यापूर्वी कारखान्याकारखान्यांचे आटे निराळे होते. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटला लागत नसे. सामाईक माप हा एक करारच असतो. तो झाला की लहान माणसाला एकाच दुकानदाराच्या दारी बांधून घ्यावे लागत नाही. आमच्या चळवळीत सामुदायिक करार म्हणतात तो याहून निराळा नाही : प्रत्येकाने आपापली घासाघीस करण्याऐवजी सर्वांना लागू पडेल असे एक माप ठरविणे.

यातून आम्ही दोन कामे सुचवितो. पहिले असे की, प्रत्येक संघटनेच्या, सोसायटीच्या, वाचनालयाच्या कचेरीत असा एक कॅमेरा, एक भिंग, एक कडे आणि समोर एक दिवा असावा. ज्याला साक्ष द्यायची आहे, ज्या मुलीची मुलाखत आहे, ज्या म्हाताऱ्या आईला परदेशातल्या मुलाशी बोलायचे आहे, त्याने यावे आणि बसावे. एकट्याला न झेपणारा खर्च शंभरांना जाणवत नाही. दुसरे असे की, पडद्यावरच्या चौकशीत साक्ष सुरू होण्यापूर्वी साक्षीदाराचे चित्र व आवाज स्पष्ट आहेत याची नोंद व्हावी, आणि ते स्पष्ट नसल्यास समक्ष सुनावणी मिळावी, ही मागणी आपण लेखी करीत राहावे. चेहरा दिसत नसताना चेहऱ्यावरून काढलेला निष्कर्ष हा निष्कर्षच नव्हे.

कोणी म्हणेल, खरे बोलणाऱ्याला कॅमेरा कशाला हवा? खरे बोलणाऱ्यालाच तो अधिक हवा. त्याच्याजवळ वकील नसतो, वजन नसते. त्याचा चेहरा हाच त्याचा पुरावा असतो. तो पलीकडे जसाच्या तसा पोहोचविण्याला २७.४६ मिलिमीटरची एक नळी पुरत असेल, तर ती मिळवून देणे हेही संघटनेचेच काम आहे.