नियमांचा क्रम आणि राऊटरची शिस्त

नंतरचा आदेश आधीच्या आदेशावर मात करतो, आणि सर्वसाधारण तरतुदीपेक्षा विशिष्ट तरतूद वरचढ ठरते, हा परिपाठ कार्यालयात काम करणाऱ्यांच्या चांगलाच अंगवळणी पडलेला असतो. संगणकांच्या जाळ्यातील दळणवळणाचे नियमन करणारे राऊटर हे यंत्र मात्र या परिपाठास जुमानत नाही. त्याच्या लेखी जो नियम आधी येतो, तोच श्रेष्ठ. ही एक गोष्ट ध्यानात न आल्यामुळे कित्येकदा सुरळीत चाललेले काम ठप्प होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, जे दार बंद असावयास हवे ते उघडे राहते.

राऊटरमध्ये कोणास जाऊ द्यावे व कोणास अडवावे याची जी यादी लिहिलेली असते, तिला ॲक्सेस लिस्ट असे म्हणतात. देवडीवरील पहारेकऱ्याच्या हाती दिलेला हा कागदच होय. माहितीचे प्रत्येक पॅकेट आले की राऊटर यादी वरून खाली वाचू लागतो. पॅकेट कोठून आले, कोठे निघाले आणि कोणत्या पोर्टवर जाणार, हे ज्या ओळीशी प्रथम जुळेल, त्या ओळीप्रमाणे तो निर्णय देतो व पुढील ओळी वाचतच नाही. एकही ओळ जुळली नाही, तर पॅकेट अडविले जाते. ही शेवटची मनाई यादीत दिसत नाही; ती गृहीतच धरलेली असते.

सिस्को बनावटीच्या राऊटरवरील एक उदाहरण घेऊ. समजा, एका कार्यालयातील नागरिक सुविधा कक्षाचे संगणक १९२.१६८.२०.० या जाळ्यात आहेत आणि अभिलेखांचे सर्व्हर १९२.१६८.५०.० या जाळ्यात आहेत. कक्षाच्या बाजूने आत येणाऱ्या वाहतुकीवर तीन ओळींची यादी लावलेली आहे. क्रमांक १० ची ओळ कक्षास ५०.५ या सर्व्हरच्या ४४३ पोर्टवर जाऊ देते. क्रमांक २० ची ओळ कक्षास अभिलेखांच्या उर्वरित सर्व जाळ्यापासून दूर ठेवते. क्रमांक ३० ची ओळ अन्य सर्व वाहतुकीस मोकळीक देते.

आता कक्षातील २०.२५ या एका संगणकास ५०.८ या सर्व्हरवर काम करण्याची गरज पडली. तंत्रज्ञाने परवानगीची ओळ लिहिली. परंतु क्रमांक दिला नाही. साहजिकच ती यादीच्या तळाशी, क्रमांक ४० वर जाऊन बसली. ओळ निर्दोष, पत्ते अचूक, तरीही काम होत नाही. कारण ते पॅकेट क्रमांक २० पाशीच अडविले जाते. ४० पर्यंत ते पोहोचतच नाही.

अशा वेळी तर्क लढवीत बसण्याचे कारण नाही. ‘शो ॲक्सेस-लिस्ट्स’ ही आज्ञा दिली असता प्रत्येक ओळीपुढे, ती किती पॅकेटांना लागू पडली, याचा आकडा दिसतो. आकडे शून्यावर आणून त्या संगणकावरून पुन्हा प्रयत्न करावा. क्रमांक २० चा आकडा वाढला आणि ४० पुढे काहीच उमटले नाही, म्हणजे निदान झाले. उपायही सोपा आहे. क्रमांक ४० ची ओळ काढून तीच क्रमांक १५ देऊन लिहावी. मूळ क्रमांक दहा-दहाच्या अंतराने दिलेले असतात, ते अशा सोयीसाठीच.

शेवटच्या अदृश्य मनाईचा आकडा मात्र यादीत दिसत नाही. म्हणून ती मनाई स्वतंत्र ओळ म्हणून तळाशी लिहून, तीत नोंद ठेवण्याची सूचना देणे हितावह ठरते. क्रमांक ३० सारखी सर्वसाधारण परवानगी नसेल, तर नावावरून पत्ता शोधण्यासाठी लागणारे ५३ क्रमांकाचे पोर्टही बंद होते, आणि सारे जाळेच बिघडल्याचा भास होतो. तसेच यादी येणाऱ्या वाहतुकीवर लावली आहे की जाणाऱ्या, आणि सर्व्हरकडून परतणाऱ्या उत्तराच्या वाटेवर दुसरी यादी आडवी तर येत नाही, हेही पाहावे. साधी यादी मागील संभाषण स्मरणात ठेवीत नाही.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. तक्रारींनी त्रस्त होऊन कोणी यादीच्या माथ्यावर, क्रमांक ५ वर, कक्षास सर्वत्र मुक्त परवानगी देणारी ओळ लिहिली, तर तक्रार तत्काळ मिटते. सर्वांचे काम चालू लागते. परंतु क्रमांक २० ची मनाई त्या क्षणापासून निर्जीव होते आणि नागरिकांचे अभिलेख कक्षातील प्रत्येक संगणकास खुले होतात. चुकीने अडविलेला माणूस दाद मागतो. चुकीने आत सोडलेला कधीच तक्रार करीत नाही. त्या चुकीचा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे क्रमांक २० पुढील न हलणारा आकडा. यास्तव तक्रार नसतानाही ठराविक काळाने हे आकडे तपासले पाहिजेत, आणि जे बंद असावयास हवे ते खरोखरच बंद आहे काय, याचीही चाचणी घेतली पाहिजे.

दुरुस्ती करतानाही सावधगिरी हवी. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या यादीतील एकच ओळ जुन्या पद्धतीने, आरंभी ‘नो’ लावून रद्द करू गेल्यास संपूर्ण यादीच नाहीशी होते. यादी नाहीशी झाली की सर्वांना वाट मोकळी होते. आणि नव्या यादीची पहिली ओळ लिहिताच अदृश्य मनाई जागी होऊन, दूरवरून काम करणारा तंत्रज्ञ स्वतःच बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून नवी यादी निराळ्या नावाने पूर्ण लिहावी व मगच जुनीच्या जागी लावावी. त्यापूर्वी चालू रचना जतन करून, दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होण्याची आज्ञा देऊन ठेवावी. संपर्क तुटलाच, तर राऊटर जतन केलेल्या रचनेवर परत येतो. सर्व ठीक आढळल्यास ती आज्ञा रद्द करून मगच नवी रचना जतन करावी.

विशिष्ट नियम वर, व्यापक नियम खाली, आणि प्रत्येक ओळ कोणाच्या गरजेसाठी व केव्हा लिहिली याची नोंदवहीत नोंद, एवढी शिस्त पाळली, तर पुढे त्या खुर्चीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यास यादीचा अर्थ लावण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागणार नाही.