संगणकाची पाटी आणि चित्रकलेचा विद्यार्थी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या चित्रकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी एका कलाशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्घाटनाच्या भाषणात चार कौतुकाचे शब्द बोलावेत व फीत कापून मोकळे व्हावे, अशी पद्धत आहे. परंतु संयोजकांनी मला विषयच नेमून दिला. एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली आपली मुले-मुली आता विचारू लागली आहेत की, संगणकावर चित्र काढायचे ते 'पेन टॅबलेट' घ्यावे काय, आणि घेतले तर सुरुवात कोठून करावी? प्रश्न वरवर साधा आहे. पण ज्या घरात वहीरंगांचा खर्चही हिशेबाने करावा लागतो, त्या घरातील मुलगी हा प्रश्न विचारते तेव्हा त्याचे उत्तर जबाबदारीने द्यावे लागते.

टॅबलेट म्हटले की आपल्याकडे आधी औषधाची गोळी आठवते, नंतर मोबाइलचा थोरला भाऊ. हे यंत्र त्यांपैकी काहीच नाही. ही एक काळी, गुळगुळीत, सपाट पाटी असते. तिच्यावर काही उमटत नाही. तिच्यासोबत शाई नसलेली एक लेखणी येते. पाटी तारेने संगणकाला जोडायची, लेखणी पाटीवर फिरवायची, आणि चित्र समोरच्या पडद्यावर उमटते. मी पुढे तिला पाटीच म्हणणार आहे.

ही कल्पना आजची नव्हे. १९६३ साली अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत इव्हान सदरलँड यांनी प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघा काढून दाखविल्या. १९६४ साली 'रँड टॅबलेट' आले. १० इंच लांब, १० इंच रुंद अशा त्या पाटीच्या पोटात बारीक तारांचे जाळे होते, आणि किंमत होती १८ हजार डॉलर! १९८३ साली जपानमध्ये 'वाकॉम' ही कंपनी निघाली व तिने तार नसलेली लेखणी बाजारात आणली. आता चिनी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे सहा इंच बाय चार इंच एवढ्या जागेची लहान पाटी साधारण ३ ते ५ हजार रुपयांत मिळते. सामान्य घराला ही रक्कम लहान नाही हे मी जाणतो. पण एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर साठवून घ्यावी इतकी ती आवाक्यात आली आहे.

तिच्या आत काय घडते? मुलांना हे सांगितले म्हणजे यंत्राची भीती जाते, म्हणून सांगतो. पाटीखालच्या तारांच्या जाळ्यातून क्षणोक्षणी सूक्ष्म विद्युत्-चुंबकीय लहरी निघतात. लेखणीत तारेचे एक वेटोळे असते. ते या लहरींतूनच शक्ती घेते आणि उत्तर परत पाठवते. म्हणून अशा लेखणीला सेल लागत नाही. उत्तर जाळ्याच्या कोणत्या तारांजवळ जोरात आले, त्यावरून लेखणी कोठे आहे ते कळते. टोक किती दाबले त्याप्रमाणे उत्तर किंचित बदलते, त्यावरून दाब कळतो. हा दाब ८,१९२ पायऱ्यांत मोजला जातो, नव्या पाट्यांत १६,३८४ पायऱ्यांत, असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. दुकानदार त्या आकड्यावर भर देईल. माझ्या मते २,०४८ पायऱ्यांची जुनी पाटी मिळाली तरी विद्यार्थ्याचे काही अडत नाही. आपला हात तेवढा सूक्ष्म होईपर्यंत पाटी जुनी होऊन जाईल.

कोणी विचारील, माऊसने चित्र निघत नाही काय? निघते, पण साबणाच्या वडीने सही करावी तसे. माऊस फक्त 'किती सरकलो' एवढेच सांगतो. पाटीचे तसे नाही. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा. लेखणी उचलून दुसरीकडे टेकवली की पडद्यावरही ती तेथेच टेकते. कागदावर आपण असेच काम करतो.

येथेच पहिली अडचण येते. हात मेजावर आणि डोळे पडद्यावर. पहिल्या दिवशी साधी सरळ रेघ वाकडी येते आणि मुले म्हणतात, यंत्र बिघडलेले आहे. यंत्र बिघडलेले नसते. सायकल शिकताना चाकाकडे पाहिले की तोल जातो, तसेच हे आहे. हाताकडे पाहू नये. पाटी पडद्याच्या बरोबर समोर, सरळ ठेवावी. ती थोडी तिरपी झाली तरी आडवी रेघ चढणीला लागते. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात-डोळ्यांचा मेळ बसतो. पडद्यावरच थेट चित्र काढता येईल अशा काचेच्या पाट्याही मिळतात, पण त्यांची किंमत पंधरा-वीस हजारांच्या घरात सुरू होते. पालकांनी नवशिक्यासाठी तेवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट जुळणीची. यंत्राचे 'ड्रायव्हर' त्याच कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावे आणि आधीच्या पाटीचे असेल तर ते काढून टाकावे. दोन सवती एका घरात नांदत नाहीत. मग एक वर्तुळ काढावे. ते लांबट आले तर पाटीची आणि पडद्याची लांबी-रुंदीची प्रमाणे जुळत नाहीत असे समजावे. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम राखण्याची सोय असते, ती चालू करावी. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती तरी मुले महिनोन्महिने चेहरे चपटे काढीत बसतात. लेखणीवरच्या दोन बटणांपैकी खालचे प्रारंभी बंद ठेवावे, कारण अंगठा नकळत त्यावर जातो. डावखुऱ्या मुलांसाठी पाटी उलटी फिरवून वापरण्याची सोय असते. आणि दाबण्याचे प्रमाण मऊ करून घ्यावे. खिळा ठोकल्यासारखी लेखणी दाबली तर मनगट दुखू लागते व टोकही झिजते. टोके प्लॅस्टिकची असतात, जादा टोके खोक्यात दिलेली असतात. ती जपून ठेवावीत.

चित्र काढण्याचे साधन म्हणाल तर 'क्रिता' नावाचे उत्तम साधन विनामूल्य आहे. विनामूल्य म्हणजे चोरीचे नव्हे. ते बनविणाऱ्यांनीच ते सर्वांना खुले ठेवले आहे. तेव्हा कोणा दुकानातून महागड्या साधनाची चोरटी प्रत भरून आणण्याची गरज नाही, आणि त्यासोबत येणारे विषाणूही नकोत. घरी संगणक नसेल तर आणखी एक मार्ग आहे. अनेक लहान पाट्या ओ.टी.जी. जोडणीने अँड्रॉइड मोबाइलला चालतात. मोबाइल उभा धरला तर पाटीचा एक अरुंद पट्टाच कामाला येतो, एवढे ध्यानात ठेवावे. घेण्यापूर्वी आपल्या फोनला ती चालते काय, हे दुकानातच जोडून पाहावे.

पहिल्या महिन्यात काय करावे? चित्र काढू नये. मुले नाराज होतात, पण माझे सांगणे हेच आहे. समांतर रेघा, वर्तुळे, लंबवर्तुळे, हलक्या दाबाकडून जड दाबाकडे जाणाऱ्या छटा. आपण चौथी-पाचवीत पाटीवर गिरवले तेच. हात मनगटातून न फिरवता कोपरातून व खांद्यातून फिरवावा. आणि त्या महिन्यात 'अन्डू' म्हणजे केलेले पुसण्याची कळ वापरू नये. ती कळ फार गोड आहे. एक रेघ वीस वेळा पुसून एकविसाव्या वेळी नशिबाने बरी आलेली ठेवणारा विद्यार्थी रेघ शिकत नाही. थर म्हणजे 'लेयर' हे मात्र लवकर शिकावे. कच्च्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवून पक्के काढतो, तसेच ते आहे. छापावयाचे चित्र ए-४ आकाराचे असेल तर ते ३०० डी.पी.आय.ला, म्हणजे २४८० बाय ३५०८ बिंदूंचे घ्यावे. नंतर मोठे करू म्हटले तर ते फाटते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मळतो, तेव्हा छापखान्यातून एक नमुना काढून पाहिल्याशिवाय रंग पक्के करू नयेत. आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही, सबब दर पाच मिनिटांनी काम जतन करावे.

आता अक्षरांबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्या मुलांच्या घरात देवनागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या नांदतात. नस्तालीक लिपीतील जाड-बारीकपणा दाबाने येत नाही. तो कलमेच्या तिरप्या छाटाने आणि ती बोटांत वळविण्याने येतो. 'नून'चा दायरा काढताना खुशनवीस कलम कशी फिरवतो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. स्वस्त पाटीला दाब कळतो, काहींना लेखणीचा कलही कळतो, पण लेखणी स्वतःभोवती किती वळली ते कळत नाही. म्हणून क्रितामध्ये चपट्या टोकाचा, ठराविक कोनाचा कुंचला तयार करून घ्यावा आणि जेथे कलम वळते तेथे अक्षर दोन तुकड्यांत काढावे. बोरूची सर त्याला येत नाही. परंतु नुक्त्यांनी मोजून अक्षराचे प्रमाण शिकण्यासाठी ते पुरेसे आहे. बोरूने कागदावर लिहिलेले अक्षर खाली ठेवून त्यावर थर टाकून गिरवावे, ही सर्वांत चांगली रीत.

यामागे एक इतिहास आहे. १९८१ साली कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी सुमारे २० हजार जोडरूपे हाताने लिहून 'नूरी नस्तालीक' सिद्ध केले. पुढे 'इनपेज' आले आणि कातिबांची बैठक उठली. एका कातिबाच्याच हाताने हजारो कातिबांचे काम यंत्रात गेले! आपल्या गावांतील पाट्या रंगविणाऱ्या पेंटर लोकांचे फ्लेक्सने तेच केले. मराठीचे उदाहरण घ्या. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. २००८ साली निवर्तलेले हे गृहस्थ मुळात सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात वावरलेले आणि मुंबईच्या आय.आय.टी.त शिकविणारे. संगणक त्यांच्या हाती आला तेव्हा अक्षर आधीच त्यांच्या बोटांत होते. फ्लेक्सचे यंत्र हात मागत नाही. ही पाटी मात्र हात मागते. ती केवळ हात मोजते, स्वतः काही काढत नाही. ज्या पेंटरच्या मुलाला वडिलांचे वळण आले आहे त्याला या पाटीवर जो लाभ होईल, तो केवळ बटणे पाठ असणाऱ्याला होणार नाही.

पोटापाण्याचे विचाराल तर खोटी आशा दाखविणे मला जमणार नाही. लग्नपत्रिका, दुकानांची बोधचिन्हे, मेंदीचे व भरतकामाचे नमुने, बालपुस्तकांतील चित्रे अशी कामे आहेत. १९६७ साली स्थापन झालेले बालभारती मराठी, उर्दूसह आठ माध्यमांची पाठ्यपुस्तके काढते आणि त्या प्रत्येकात चित्रे लागतात. ज्या मुलींना बारावीनंतर गाव सोडण्याची परवानगी मिळत नाही, त्यांना घरी बसून करता येईल असे हे काम आहे, ही गोष्ट पालकांनी विचारात घ्यावी. पण दोन-तीन वर्षांच्या सरावाआधी कोणी पैसे देत नाही. 'घरबसल्या चित्रांचे काम देतो, आधी नोंदणी फी भरा' असे जो सांगतो तो फसवतो आहे असे खुशाल समजावे. २०२२ पासून तर वाक्य लिहिले की चित्र तयार करून देणारी यंत्रेही आली आहेत. हलक्या प्रतीचे काम त्यांनी खाल्ले आहे, आणखीही खातील. ग्राहकाने 'ओढणीची घडी थोडी डावीकडे घ्या' म्हटल्यावर नेमके तेवढेच बदलून देणारा हात मात्र अजून लागतो. म्हणूनच मी रेखाटनावर इतका भर देतो.

आणि कागद सोडू नका. आपल्या राज्यात बी.एफ.ए.च्या प्रवेशासाठी सीईटी कक्षाची परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र कागदावरच काढावे लागते. आपल्याला जवळच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयाचे दार त्याच परीक्षेतून उघडते. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन लहानपणी मदरशात खुशखती शिकले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत मोठे झाले. साधन बदलत गेले, रेघ त्यांचीच राहिली. वय झाले म्हणून बाजूला बसलेल्या आम्हा शिक्षकांसाठीही एक उदाहरण आहे. १९३७ साली जन्मलेले इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी सत्तरी ओलांडल्यावर फोनच्या व आयपॅडच्या काचेवर चित्रे काढू लागले.

शेवटी संस्थेला एक विनंती. प्रत्येक पालकाने पाटी घ्यावी असे मी म्हणत नाही. आपल्या संगणक कक्षात यंत्रे आहेत आणि शेवटच्या तासानंतर ती झाकून ठेवलेली असतात. यंदा बक्षिसांच्या ढालींवरील खर्चातून तीन लहान पाट्या घ्याव्यात, क्रिता भरून द्यावे, आणि आठवड्यातून दोन दिवस, एक मुलींसाठी व एक मुलांसाठी, तो कक्ष तासभर उघडा ठेवावा. शिकविण्यास मी येईन. तूर्त माझी स्वतःची पाटी प्रदर्शनाच्या खोलीत खिडकीजवळच्या मेजावर जोडून ठेवली आहे. फीत कापून झाली की ज्यांना हात चालवून पाहावयाचा असेल त्यांनी रांगेने यावे. धाकट्या वर्गांना आधी येऊ द्यावे, आणि लेखणी जमिनीवर पाडू नये.