गुलामांची सुरी आणि जोतीरावांचे अक्षर



रोमचे धनिक करमणुकीखातर गुलामांस तलवार शिकवून एकमेकांवर घालीत. इसवी सनापूर्वी ७३ साली कापुआच्या आखाड्यातून स्पार्टाकससह सुमारे ७० गडी स्वयंपाकघरातील सुऱ्या घेऊन निसटले. हजारो गुलाम त्यांस मिळाले. दोन वर्षांनी ते हरले; ६,००० जणांस रस्त्याकडेला क्रुसावर खिळले.

तिकडे शिकवलेले हत्यार मालकांवरच उलटले. इकडे आम्हांस अक्षरच शिकू दिले नाही. ते वर्म सातारा जिल्ह्यातील कटगुण ज्यांचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी ओळखले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून त्यांनी ती गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पिली.

सातारा-सांगलीच्या मायबापांनो, सुगीत वर्ग ओस पडला की आमच्या पोटात कालवते. पोरीच्या हातची पाटी काढून खुरपे देऊ नका!