आधी पानाचे वय विचारा



ही परिषद तुम्ही फाल्गुनात भरवलीत याचा मला विशेष आनंद आहे. सदाहरित झाडांच्या तब्येतीबद्दल बोलायचे तर याहून चांगले दिवस नाहीत. जुनी पाने उतरत असतात, नवी पालवी फुटत असते आणि वर्षभर झाडाने पोटात ठेवलेले दुखणे याच महिन्या-दीड महिन्यात पानांवर उमटते. माझा फोनही याच दिवसांत सर्वांत जास्त वाजतो. आधी एक फोटो येतो आणि त्याखाली एकच ओळ: “झाड वाळतंय, काय फवारू?”

आजचे माझे सगळे बोलणे या एका ओळीबद्दल आहे. काय झाले आहे, हे या ओळीत कोणी विचारतच नाही. औषधाचे नाव मात्र हवे असते. आपला व्यवसाय हळूहळू या घाईच्या आहारी गेला आहे आणि तिची किंमत झाडे मोजत आहेत, म्हणून अध्यक्षपदाचा मान स्वीकारून मी तेच बोलणार आहे.

या फोटोंपैकी कितीतरी फोटोंत रोगच नसतो. सदाहरित म्हणजे पान कधीच न गळणारे, हा समज आपणही पुरता सोडलेला नाही. आंब्याचे पान वर्षाहून अधिक काळ टिकू शकते, पण शेवटी तेही गळतेच. फरक एवढाच, की सगळी पाने एका वेळी जात नाहीत. फांदीच्या आतल्या बाजूची जून पाने पिवळी होऊन पडत असतील आणि टोकाला टवटवीत फूट असेल, तर झाड आपल्या कामात आहे, त्याला त्याचे काम करू द्यावे. आंब्याची तांबूस पालवी आपण लहानपणापासून पाहतो म्हणून तिला घाबरत नाही. पण नागकेशराची गुलाबी-लाल पालवी पहिल्यांदा पाहणारा माणूस “पानं करपली” म्हणून येतो. सह्याद्रीत या दिवसांत कोशिंब लालभडक होतो, तेव्हा ते कौतुकाने पाहायला लोक जातात. तोच कोशिंब सोसायटीच्या आवारात असला की तक्रार होते.

सीतेच्या अशोकाची गोष्ट मला विसरता येत नाही. त्याची कोवळी पाने जन्मतःच लुळी असतात. तांबूस-जांभळट झुपक्यांनी ती ओल्या फडक्यासारखी खाली लोंबतात आणि काही दिवसांनी हिरवी होऊन ताठ होतात. एका गृहसंकुलात ती पाहून झाड सुकले असे ठरले आणि आळ्यात रोज दोन वेळा पाइप सोडला गेला. पालवी आपल्या वेळेने ताठ झाली, म्हणून पाण्याचा गुण आला असे सगळ्यांना वाटले आणि पाणी चालूच राहिले. भाद्रपदात ते झाड गेले. निरोगी झाडावर उपचार झाले आणि त्या उपचारांनीच ते मेले.

म्हणून पहिला प्रश्न पानाचे वय. पिवळे पान समोर आले की ते फांदीवर कुठे होते, टोकाला की तळाला, हे कळल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकते, त्यामुळे त्यांची टंचाई आधी जून पानांवर दिसते. लोह असे हलवता येत नाही. एकदा पानात बसले की ते तिथेच राहते, म्हणून लोह कमी पडले की कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धी चूक टळते.

पुण्यातल्या एका आवारातला सोनचाफा आठवतो. लावून आठ वर्षे झालेला, फुले कमी होत गेलेली. मी टोकाचे एक पान तोडून उन्हाकडे धरले. पिवळ्या, जवळजवळ पांढुरक्या पानावर बारीकातली बारीक शीर हिरवी उठून दिसत होती. त्याच फांदीवरचे सहा पाने खालचे पान गर्द हिरवे होते. त्याआधी दोन वर्षे त्याला युरिया मिळत होता, मग हिराकस मिळाले, दोन्ही मातीत. माळीकाका बाजूला उभे होते. त्यांना विचारले, पाणी कुठले? ते म्हणाले, “बोअरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो बघा.” निदान त्या एका वाक्यात होते. दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीत, त्यात इमारतीच्या पायातले सिमेंट-वाळूचे तुकडे आणि वरून असे जड पाणी, मातीचा सामू आठच्या आसपास जातो. तिथे लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. वरून घातलेले हिराकसही थोड्याच दिवसांत तसेच अडकून बसते. चेलेटेड लोहाचे पुडके आणले तरी ते कुठले, हे पाहावे लागते. ईडीटीए प्रकारचे लोह अशा जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. त्या सोनचाफ्याला आम्ही ते दिले, सिमेंटचा राडारोडा काढला, पालापाचोळ्याचे आच्छादन केले आणि पावसाचे साठवलेले पाणी त्याच्याकडे वळवले. आधीची पिवळी पाने हिरवी झाली नाहीत, पुढची फूट हिरवी आली. पाहायचे असते ते पुढच्या फुटीकडे, हे मालकांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर महिनाभराने ते दुसरे औषध आणतात.

सोनचाफ्यासारखेच अनंत आणि एक्झोरा यांचे असते. त्यांच्याबद्दल वेगळे सांगत नाही.

दुसरा प्रश्न, दुखणे कुठे कुठे आहे. रोग आणि कीड सहसा निवड करतात. एकाच जातीला धरतात, एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पण आंबा, बकुळ, जास्वंद आणि शेजारची कण्हेर या सगळ्यांची पाने एकाच आठवड्यात, एकाच बाजूने करपली असतील, तर बुरशी शोधत बसू नये. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, त्यानंतर समुद्राकडे तोंड असलेल्या बाजूची पाने भाजल्यासारखी तपकिरी झालेली मी पाहिली. मागची बाजू हिरवीच होती. खारट वाऱ्याची ती खूण होती. तरीही बुरशीनाशकांचे पंप बाहेर निघाले. पाने गोड्या पाण्याने धुऊन थांबणे, एवढेच करण्यासारखे होते. पुढे पावसाने उरलेले काम केले.

किडींबद्दल बोलताना मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. सातविणीच्या पानांवर गाठी येतात, कधी कधी पान दिसू नये इतक्या. आपल्या शहरांत सातवीण रस्तोरस्ती लावली गेली, त्यामुळे हे दृश्य सर्वांच्या ओळखीचे आहे. गाठ करणाऱ्या सिलिड किडीची पिल्ले त्या गाठीच्या आत असतात. बाहेरून मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि एकदा आलेली गाठ कशानेही जात नाही. मोठी सातवीण हे सोसून जगते. नांद्रुकाची आणि फायकसची कोवळी पाने दुमडून त्यांच्या पुरचुंड्या होतात, त्या उलगडून पाहा, आत काळे फुलकिडे सापडतील. सुरुवातीलाच असे शेंडे खुडून पिशवीत भरून नेले, तर कुंपणाला पंप लागत नाही.

पिठ्या ढेकूण मात्र हलक्यात घेऊ नये. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि पुढे आपल्याकडे पपईबरोबर बागेतल्या जास्वंदीही त्याने पांढऱ्या केल्या. लोकांनी जहालाहून जहाल विषे वापरली आणि कीड वाढतच गेली. 2010 मध्ये बंगळूरूच्या कीटकविषयक राष्ट्रीय संस्थेने प्यूर्टो रिकोहून तीन परोपजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्यांतली असेरोफॅगस पपाये नावाची माशी तिळाहून लहान आहे. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते. जिथे ती सोडली आणि फवारे थांबवले, तिथे कीड ओसरली. म्हणून जास्वंदीवर पांढरे काही दिसले की भिंग काढा. त्या पांढऱ्यात भोक पडलेली, फुगून कडक झालेली तपकिरी कलेवरे दिसली, तर तुमचा मित्र आधीच कामाला लागलेला आहे. त्या दिवशी फवारणी केलीत तर ती मित्रावर होईल. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण चिकट गोड स्रावासाठी मुंग्या या किडीची राखण करतात.

आता मी जमिनीकडे येतो. आयुष्यभर मी वर पाहत राहिलो आणि खरी कारणे बहुधा पायाशी होती.

एका शैक्षणिक आवारात अकरा बकुळी ओळीने आहेत. त्यांतल्या चार शेंड्याकडून वाळू लागल्या. दोन वेळा ताम्रयुक्त बुरशीनाशक मारून झाले होते. मी गेलो तेव्हा मला पाने पाहण्याची गरजच पडली नाही. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला भेटताना रुंदावतो, मुळांचे खांदे दिसतात. या चार बकुळी विजेच्या खांबासारख्या सरळ जमिनीत घुसल्या होत्या. खुरपीने उकरायला बसलो. वर लाल माती, खाली मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, आणि नऊ इंच खाली मूळ जमीन. साल ओली, काळपट, बोटाने दाबली तर आत जाणारी, आंबूस वासाची. आत जिवंत सालीची कडा शोधत गेलो तर एका बकुळीला घेराच्या जेमतेम तिसऱ्या भागात ती उरली होती. चौकशी केली तेव्हा कळले की तीन वर्षांपूर्वी पदपथ उंच करताना चार झाडांच्या बाजूला भराव टाकला होता. तीन वर्षे झाडाने साठ्यावर काढली. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. त्यांच्यावर नऊ इंच दाबून बसवलेली माती म्हणजे नाक दाबणेच. आम्ही चारही बुंधे हाताने मोकळे केले. दोन बकुळी सावरल्या. दोन गेल्या.

सदाहरित झाडाचा हाच धोका आहे. ते हिरवे दिसत राहते. पानझडी झाड दरवर्षी नवी पाने काढताना आपली ताकद उघड करते, हे मात्र जुन्या पानांच्या आधाराने दुखणे झाकत राहते. म्हणून आज वाळणाऱ्या शेंड्यासाठी गेल्या आठवड्यात काय झाले हे विचारून उपयोग नाही. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी इथे काय खणले, काय ओतले, केबल कोणत्या बाजूने गेली, हे विचारा. झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात 2013 मध्ये दिला. एक मीटरही कमीच आहे, पण आपल्या किती रस्त्यांवर तेवढे तरी आहे?

एक कबुली देणे भाग आहे. 1975 च्या आपल्या कायद्यानुसार शहरातले झाड तोडायला परवानगी लागते, आणि त्या कागदावर कोणीतरी तज्ज्ञ म्हणून सही करतो. बरीच वर्षे झाली, एका जांभळाच्या कागदावर ती सही माझी होती. पाने सगळी तपकिरी, खाली कचऱ्याची राख. मी खालूनच पाहिले आणि ‘मृत’ लिहिले. तोडताना मी तिथे होतो. पहिली फांदी पडली आणि तिच्या कापावर सालीखाली ओली हिरवी कडा चमकली. कचऱ्याच्या आगीने पाने भाजली होती, झाड जिवंत होते. शिडी लावून नखाने साल खरवडायला दोन मिनिटे लागली असती. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले आहे. ते जांभूळ त्यात सहज बसले असते. तेव्हापासून तीन ठिकाणी, तीन उंचींवर साल खरवडल्याशिवाय मी कोणत्याही झाडाला मेलेले म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

या परिषदेकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. प्रत्येक आवारात झाडांची एक साधी वही असावी. पालवी कधी आली, कुठे खणले, कुठले पाणी दिले, काय फवारले, एवढे तीत लिहावे. आणि ती वही माळ्याच्या हातात असावी. पाहणीच्या वेळी त्याला फाटक उघडायला पाठवून आपण झाडाभोवती उभे राहतो, ही पद्धत बंद व्हावी. बादलीच्या कडेचा पांढरा थर त्यांनीच पाहिलेला असतो.

या सभागृहाच्या फाटकापाशी, डाव्या हाताला, एक जुनी बकुळ आहे. काल येताना पाहिले, तिच्या पश्चिमेकडच्या दोन फांद्यांचे शेंडे उघडे पडले आहेत आणि बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडले आहेत. उद्या सकाळी साडेसहाला मी तिथे असेन. आयोजकांची ब्लॉक काढायची परवानगी मी घेतली आहे. येताना खुरपी आणि भिंग आणा. फवारणीचा पंप कोणी आणू नये.